रस्त्याची मालकी आणि वाणीचें स्वातंत्र्य

बोलावयास तोंड लागतें हें सर्वांस ठाऊक आहे; पण बोलावयास पायाखालीं जागाहि लागते, ही गोष्ट सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. वाणीच्या स्वातंत्र्याची चर्चा निघाली कीं आपल्या डोळ्यांपुढें सरकार उभें राहतें. एका बाजूस राज्यकर्ता, दुसऱ्या बाजूस लेखक वा वक्ता, आणि दोघांच्या मध्यें राजद्रोहाचें कलम, असें तें चित्र असतें. महाराष्ट्रास तें विशेष परिचयाचें आहे. १८९७ व १९०८ या दोन सालीं लोकमान्य टिळकांवर झालेले खटले आपल्या घराघरांतून सांगितले गेले आहेत. परंतु वक्त्याला थांबविणारा मनुष्य सरकारचा शिपाई नसून जागेचा धनी असेल, तर काय म्हणावयाचें? “बोला, खुशाल बोला, पण माझ्या जमिनीवर नको,” असें तो म्हणाला, तर त्याचें म्हणणें न्याय्य मानावयाचें कीं नाहीं?

सकृद्दर्शनीं उत्तर अगदीं सोपें वाटतें. आपल्या ओसरीवर कोणीं बसावें व काय बोलावें हें ठरविण्याचा अधिकार घरधन्याचा, याविषयीं दुमत होण्याचें कारण नाहीं. पण ही ओसरी वाढत वाढत गांवाएवढी झाली, गांवांतील रस्ता, बाजार व घरें हीं सारीं एकाच धन्याचीं झालीं, म्हणजे तेंच उत्तर तितकें सोपें राहात नाहीं. हा प्रश्न अमेरिकेंत प्रत्यक्ष उद्भवला आणि तेथील न्यायालयांनीं त्यावर ऐंशी वर्षें खल केला. कधीं एक उत्तर दिलें, कधीं त्याच्या उलट दिलें. आज आपण आपलें कितीतरी बोलणें इंटरनेटवरील ज्या चावड्यांवर बोलतों, त्या चावड्याहि कोणाच्या ना कोणाच्या मालकीच्या आहेत. म्हणून हा परकी इतिहास आपणांसहि अभ्यासण्याजोगा झाला आहे.

आरंभ बोस्टन शहरापासून केला पाहिजे. त्या शहराच्या मध्यभागीं ‘बोस्टन कॉमन’ नांवाचें जुनें सार्वजनिक मैदान आहे. तेथें विल्यम डेव्हिस नांवाच्या एका धर्मोपदेशकानें प्रवचन केलें. नगराच्या नियमाप्रमाणें अशा भाषणास महापौराची परवानगी लागे. ती न घेतां बोलल्याबद्दल त्याला शिक्षा झाली. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयांत १८९५ सालीं या खटल्याचा निकाल न्या. ऑलिव्हर वेंडेल होम्स यांनीं लिहिला. पुढें वाणीस्वातंत्र्याचे मोठे कैवारी म्हणून जगभर गाजलेले हे न्यायाधीश त्या वेळीं काय म्हणाले, तें लक्षांत ठेवण्यासारखें आहे. घरमालकानें आपल्या घरांत भाषणास मनाई केली तर कोणाचा हक्क बुडत नाहीं. तसाच तो सरकारनें रस्त्यावर वा मैदानांत मनाई केल्यानेंहि बुडत नाहीं, असा त्यांचा युक्तिवाद होता. १८९७ सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें तो मान्य केला. इकडे मुंबईस टिळकांवर पहिला राजद्रोहाचा खटला चालला तें हेंच साल! म्हणजे ज्या देशाच्या राज्यघटनेंत वाणीचें स्वातंत्र्य अक्षरशः लिहून ठेवलेलें होतें, तेथेंहि सरकारला घरमालक ठरवून तें स्वातंत्र्य रस्त्यावरून उठवितां येत होतें.

हा विचार सुमारें चाळीस वर्षें टिकला. १९३० नंतरच्या दशकांत न्यू जर्सी राज्यांतील जर्सी सिटी या शहरावर महापौर फ्रँक हेग यांचा एकछत्री अंमल होता. कामगार संघटनेचे प्रचारक शहरांत आले तर पोलीस त्यांना धरून पलीकडे न्यूयॉर्कला जाणाऱ्या बोटींत बसवून देत; सभेसाठीं परवानगी मागितली, तर दंगा होईल या सबबीवर ती नाकारली जाई. १९३९ सालीं हें प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढें आलें, तेव्हां न्या. ओवेन रॉबर्ट्स यांनीं एक निराळाच विचार मांडला. रस्त्यांची व उद्यानांची कागदोपत्रीं मालकी कोणाकडेहि असो; स्मरणातीत काळापासून लोक तेथें जमत, बोलत व सार्वजनिक प्रश्नांची चर्चा करीत आले आहेत, म्हणून त्या जागा लोकांच्या वतीनें ठेवीसारख्या सांभाळलेल्या आहेत, असें त्यांनीं प्रतिपादन केलें. रहदारी, शांतता, वेळ यांविषयीं नियम करतां येतील. पण एका अधिकाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असलेली परवानगी म्हणजे बोलणाऱ्याचा गळा दाबण्याचें हत्यार होय. होम्स यांचा घरमालक येथें विश्वस्त झाला. पुढील सर्व इतिहासाचें बीज या एका स्थित्यंतरांत आहे.

आतां चिकासॉ गांवाकडे वळूं. अलाबामा राज्यांत मोबील या बंदराच्या शेजारीं हें लहानसें गांव आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत जहाजें बांधण्याच्या कारखान्यासाठीं तें वसविण्यांत आलें, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या वेळीं तें सगळेंच्या सगळें ‘गल्फ शिपबिल्डिंग कॉर्पोरेशन’ या कंपनीच्या मालकीचें होतें. आपल्याकडील किर्लोस्करवाडी किंवा वालचंदनगर ज्यांनीं पाहिलें असेल, त्यांना कारखान्याभोंवतीं उभ्या राहिलेल्या वसाहतीची कल्पना सहज येईल. चिकासॉमधील घरें कंपनीचीं, रस्ते कंपनीचे, सांडपाण्याचीं गटारें कंपनीचीं, दुकानांची रांगहि कंपनीची. त्या रांगेंतील एका जागेंत टपालकचेरी होती. गांवचा बंदोबस्त पाहणारा पोलीस हा नांवाला जिल्ह्याच्या शेरीफचा दुय्यम असला, तरी त्याचा पगार कंपनी देत असे. बाहेरून येणाऱ्याला हें गांव व शेजारचें गांव यांत कांहींच फरक दिसत नसे. त्याच हमरस्त्यानें यावें, त्याच पदपथावरून चालावें, दुकानांत जावें, पत्र टाकावें आणि परत जावें. फरक होता तो दुकानांच्या कांचांवर लावलेल्या सूचनेंत. ही जागा खासगी असून लेखी परवानगीवांचून कोणत्याहि फेरीवाल्यास अगर प्रचारकास येथें मज्जाव आहे, अशा अर्थाची ती सूचना होती.

१९४३ सालच्या डिसेंबरांत ग्रेस मार्श नांवाची एक बाई या टपालकचेरीजवळच्या पदपथावर उभी राहून धार्मिक पत्रकें वाटूं लागली. ती ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथाची होती. हा पंथ लहान. पण अमेरिकेंतील वाणीस्वातंत्र्याच्या इतिहासांत त्याचें स्थान फार मोठें आहे. दारोदार जाऊन प्रचार करणें हें त्याच्या अनुयायांचें धर्मकर्तव्य असल्यामुळें ते गांवोगांवीं पकडले जात आणि खटले वरच्या न्यायालयापर्यंत नेत. ध्वजास वंदन करण्याची सक्ती मुलांवर करतां येणार नाहीं, हा १९४३ चा प्रसिद्ध निकाल त्यांच्याच खटल्यांतला. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेंहि १९८६ सालीं केरळांतील याच पंथाच्या मुलांना, राष्ट्रगीताच्या वेळीं तीं आदरानें उभीं राहात असतां केवळ गात नाहींत म्हणून शाळेंतून काढणें अयोग्य ठरविलें होतें.

ग्रेस मार्शला सांगण्यांत आलें कीं परवानगीखेरीज येथें पत्रकें वाटतां येणार नाहींत. आणि परवानगी तुम्हांस मिळणारहि नाहीं. हें दुसरें वाक्य वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सूचनेवर परवानगीचें दार रंगविलेलें होतें, पण तें उघडण्यासाठीं नव्हतें. बाईनें जाण्यास नकार दिला. पोलिसानें तिला अटक केली, आणि मालकानें ताकीद दिल्यावरहि त्याच्या जागेंत राहिल्याचा गुन्हा तिच्यावर शाबीत झाला. अलाबामाच्या न्यायालयांनीं शिक्षा कायम केली. त्यांच्या मतें प्रश्न साधा होता. जमीन कंपनीची, कंपनी ‘जा’ म्हणाली, बाई गेली नाहीं.

सर्वोच्च न्यायालयानें ७ जानेवारी १९४६ रोजीं पांच विरुद्ध तीन मतांनीं हा निकाल फिरविला. बहुमताचा निकाल न्या. ह्यूगो ब्लॅक यांनीं लिहिला. ते स्वतः अलाबामाचे. त्या राज्याच्या वतीनें ते सेनेटांत बसलेले होते. त्यांचें म्हणणें थोडक्यांत असें: मालकी म्हणजे नेहमींच निरंकुश सत्ता नव्हे. धन्यानें स्वतःच्या फायद्यासाठीं आपली जागा जितकी अधिक लोकांस खुली करावी, तितका त्याचा अधिकार तेथें येणाऱ्यांच्या हक्कांनीं मर्यादित होत जातो. पूल, तरी, पथकराचे रस्ते हे खासगी मालकीचे असले तरी लोकसेवेसाठीं असतात, म्हणून त्यांवर नियंत्रण चालतें, गांवाचें तसेंच. शिवाय कंपनीच्या गांवांत राहणारे कामगार हेहि देशाचे नागरिक आहेत. त्यांनाहि मत द्यावयाचें असतें, देशाच्या कारभाराविषयीं विचार करावयाचा असतो. मग त्यांच्या कानांवर काय पडावें हें घरमालकानें कां ठरवावें? मालमत्तेचा हक्क आणि वाणी व धर्म यांचें स्वातंत्र्य हीं तराजूंत घातलीं, तर दुसरें पारडें जड असलें पाहिजे, असें ब्लॅक यांनीं सांगितलें.

विरुद्ध मत न्या. रीड यांचें होतें, आणि तें उडवून लावण्यासारखें नव्हतें. थोड्याच अंतरावर सार्वजनिक हमरस्ता होता. बाईला तेथें उभें राहून पत्रकें वाटतां आलीं असतीं. मालकाच्या इच्छेविरुद्ध त्याच्या जमिनीवर राहण्याचा हक्क वाणीस्वातंत्र्याच्या नांवाखालीं द्यावयाचा, तर तो कोठें थांबावयाचा? ब्लॅक यांच्या निकालानें एक मोठें तत्त्व सांगितलें खरें, पण त्या तत्त्वाची सीमा आंखली नव्हती. आणि सीमा न आंखल्याचा परिणाम बावीस वर्षांनीं दिसून आला.

मध्यंतरीं अमेरिकेची वस्ती पालटली. मोटारी आल्या, लोक शहराबाहेर राहावयास गेले, आणि जुन्या बाजारपेठांची जागा ‘शॉपिंग सेंटर’नें, म्हणजे आज आपण ज्याला मॉल म्हणतों त्यानें घेतली. पूर्वीं बाजार रस्त्यावर भरे. आतां रस्ताच बाजाराच्या पोटांत गेला. १९६८ सालीं पेनसिल्व्हेनियांतील आल्टूना गांवाजवळच्या लोगन व्हॅली मॉलमध्यें कामगार संघटनेच्या लोकांनीं एका किराणा दुकानापुढें निदर्शनें केल्याचा खटला न्यायालयापुढें आला. न्या. थर्गुड मार्शल यांनीं चिकासॉचा निकाल पुढें ओढला आणि मॉल हा त्या गांवच्या दुकानांच्या रांगेसारखाच आहे, तेव्हां निदर्शकांना सर्रास हांकलतां येणार नाहीं, असें ठरविलें. मौज अशी कीं या निकालाला विरोध करणाऱ्यांत स्वतः ह्यूगो ब्लॅक होते! माझा निकाल गांवाविषयीं होता, असें त्यांचें म्हणणें पडलें. जेथें घरें आहेत, रस्ते आहेत, गटारें आहेत, लोक जन्मतात व राहतात अशा पुऱ्या गांवाविषयीं. दुकानांचा समूह म्हणजे गांव नव्हे. तत्त्वाच्या जनकानेंच आपल्या अपत्याला मॉलच्या दाराशीं अडविलें.

पुढील आठ वर्षांत न्यायालयाचा कल ब्लॅक यांच्या बाजूस झुकला. ओरेगॉन राज्यांत पोर्टलंड शहरीं ‘लॉइड सेंटर’ नांवाचा सुमारें पन्नास एकरांचा मॉल होता. तो बांधावा म्हणून शहरानें आपले कांहीं सार्वजनिक रस्तेहि सोडून दिले होते. तेथें १९६८ सालीं कांहीं तरुणांनीं व्हिएतनामच्या युद्धाविरुद्ध बोलावलेल्या सभेचीं पत्रकें वाटलीं. पहारेकऱ्यांनीं अटकेची भीति घालून त्यांना बाहेर काढलें. १९७२ सालीं न्यायालयानें पांच विरुद्ध चार मतांनीं मालकाच्या बाजूनें निकाल दिला; पत्रकांचा मॉलच्या धंद्याशीं संबंध नव्हता आणि बाहेरचे सार्वजनिक पदपथ मोकळे होते, हीं त्याचीं कारणें. मार्शल यांनीं विरुद्ध मत देतांना दाखवून दिलें कीं याच मॉलमध्यें माजी सैनिकांच्या संघटनेस निधि गोळा करूं दिला जाई, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांचीं भाषणेंहि होऊं दिलीं होतीं. म्हणजे मालकाचा आक्षेप बोलण्याला नव्हता. कोण काय बोलतो याला होता. १९७६ सालीं मग न्यायालयानें लोगन व्हॅलीचा निकाल रद्द झाल्याचें उघड सांगितलें. राज्यघटनेंतील वाणीस्वातंत्र्याचें अभिवचन सरकारविरुद्ध आहे, खासगी मालकाविरुद्ध नाहीं, हें सूत्र कायम झालें. चिकासॉचा निकाल मात्र रद्द झाला नाहीं. संपूर्ण गांव एकाच्या मालकीचें असल्याच्या विरळा प्रसंगापुरता तो उरला.

येथें ही कथा संपली असती, तर तिच्यांतून एकच बोध निघाला असता. पण कॅलिफोर्नियाच्या कँपबेल गांवांतील ‘प्रूनयार्ड’ मॉलमध्यें कांहीं शाळकरी मुलांनीं मधल्या चौकांत एक घडीचें टेबल मांडलें. संयुक्त राष्ट्रांच्या एका ठरावाचा निषेध करणाऱ्या अर्जावर तीं लोकांच्या सह्या घेत होतीं. पहारेकऱ्यानें त्यांना बाहेर जावयास सांगितलें. मुलें निमूटपणें गेलीं आणि न्यायालयांत आलीं. कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानें १९७९ सालीं निकाल दिला कीं संघराज्याची घटना कांहींहि म्हणो, आमच्या राज्याची स्वतंत्र घटना या मुलांना असा हक्क देते. १९८० सालीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें हा निकाल कायम केला. न्या. रेन्क्विस्ट यांनीं मालकाच्या दोन्ही तक्रारी तपासल्या. मालमत्ता हिरावली जाते काय? मॉल सर्वांना खुला आहे. वेळ व जागा यांचे वाजवी नियम मालकाला करतां येतात. तेव्हां फारसें कांहीं हिरावलें जात नाहीं. मालकाच्या तोंडीं दुसऱ्याचें मत घातलें जातें काय? तेंहि नाहीं, कोणीहि त्या मुलांचें मत मालकाचें समजणार नाहीं, आणि हवें तर मालकानें तसा फलक लावावा. अमेरिकेंतील बहुतेक राज्यांनीं कॅलिफोर्नियाचा मार्ग धरला नाहीं. परंतु मार्ग आहे हें सिद्ध झालें. घटना आपण होऊन जें देत नाहीं, तें लोक आपल्या राज्याच्या कायद्यानें देऊं शकतात, आणि तसें देण्यानें मालकी कोसळून पडत नाहीं.

युरोपांतहि हा वाद गेला. इंग्लंडच्या ईशान्येस वॉशिंग्टन नांवाचें नवें नगर सरकारी महामंडळानें वसविलें. त्याचा मध्यवर्ती बाजार पुढें एका खासगी कंपनीला विकण्यांत आला. नगराजवळचें खेळाचें मैदान बांधकामाखालीं जाऊं नये म्हणून कांहीं नागरिकांनीं तेथें सह्या गोळा करूं पाहिल्या. मालकानें परवानगी नाकारली. २००३ सालीं युरोपच्या मानवी हक्क न्यायालयानें मालकाचा नकार चालेल असें ठरविलें, कारण सह्या घेण्यास दुसरे मार्ग होते. मात्र संपूर्ण गांवच एखाद्या खासगी संस्थेच्या ताब्यांत असेल आणि बोलण्याच्या हक्काचें सारच नाहींसें होत असेल, तर सरकारला मध्यें पडावें लागेल, असेंहि त्यानें नमूद केलें. चिकासॉची आठवण अशी अटलांटिकच्या पलीकडेहि जिवंत राहिली.

हा सर्व वाद दगडविटांच्या जागांविषयींचा झाला. आतां ज्या जागेला दगड नाहीं, वीट नाहीं, तिच्याकडे वळलें पाहिजे. १९९६ सालींच एका जाहिरातदार कंपनीनें न्यायालयांत ग्रेस मार्शचें नांव घेतलें होतें. ‘अमेरिका ऑनलाइन’च्या वर्गणीदारांना ती कंपनी न मागितलेलीं जाहिरातपत्रें हजारोंनीं धाडीत असे, आणि तीं अडविल्यावर आमचें वाणीस्वातंत्र्य हिरावलें म्हणून तिनें तक्रार केली. फिलाडेल्फियाच्या न्यायालयानें ती फेटाळली. ‘अमेरिका ऑनलाइन’ म्हणजे सरकार नव्हे, आणि लोकांपर्यंत पोहोंचण्याच्या इतर वाटा खुल्या आहेत. याच साली अमेरिकेच्या काँग्रेसनें कायदा करून अशा कंपन्यांना दुहेरी संरक्षण दिलें. दुसऱ्यानें लिहिलेल्या मजकुराची जबाबदारी त्यांच्यावर नाहीं, आणि आक्षेपार्ह वाटणारा मजकूर सद्भावनेनें काढल्याबद्दलहि त्यांना जाब विचारतां येत नाहीं.

पुढें फेसबुक, ट्विटर, यूट्यूब आलीं आणि कोट्यवधि लोकांचें बोलणें त्यांच्या दारांतून जाऊं लागलें. २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. केनेडी यांनीं एका निकालांत या माध्यमांना आजच्या काळाचा सार्वजनिक चौक म्हटलें. पण तो खटला सरकारच्या कायद्याविरुद्ध होता. चौकाच्या धन्याविरुद्ध नव्हता. २०१९ सालीं न्यायालयानें स्पष्ट केलें कीं दुसऱ्यांच्या बोलण्यास नुसती जागा दिल्यानें खासगी संस्था सरकार होत नाहीं. २०२० सालीं यूट्यूबविरुद्ध चिकासॉचाच आधार घेणारी एक फिर्याद कॅलिफोर्नियांतील संघीय अपील न्यायालयानें फेटाळली. जानेवारी २०२१ मध्यें राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रंप यांचें खातें ट्विटरनें बंद केलें, तेव्हां देशाच्या सर्वोच्च पदावरील माणसालाहि एक कंपनी बोलावयाचें थांबवूं शकते, हें जगानें पाहिलें. त्याच वर्षीं टेक्सस व फ्लॉरिडा या राज्यांनीं कायदे करून मोठ्या माध्यमांना मजकूर काढण्याविषयीं बंधनें घातलीं. १ जुलै २०२४ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें हीं प्रकरणें फेरविचारासाठीं खालीं पाठविलीं, पण न्या. केगन यांनीं बहुमताच्या वतीनें एक महत्त्वाची गोष्ट सांगितली. कोणता मजकूर घ्यावा, कोणता गाळावा, कोणता वर ठेवावा हें ठरवून आपली मांडणी करणारी कंपनी वृत्तपत्राच्या संपादकासारखी स्वतःच एक प्रकारें बोलत असते. आणि प्रूनयार्डच्या मालकाचें तसें नव्हतें.

हा भेद खरा आहे, आणि तो टाळून चालणार नाहीं. एखाद्या मासिकाच्या संपादकाला येईल तो लेख छापावयाची सक्ती करणें म्हणजे त्याच्याच वाणीचा संकोच करणें होय. पण अडचण अशी कीं या नव्या माध्यमांचा धनी एका वेळीं दोन पोशाख करतो. मजकुराबद्दल जबाबदार धरलें कीं तो म्हणतो, “मी नुसती भिंत आहे; लिहिणारे दुसरे.” भिंतीवर सर्वांस सारखें लिहूं द्या म्हटलें कीं तो म्हणतो, “मी संपादक आहे, निवड माझी.” वस्तुतः तो थोडा भिंत आहे, थोडा संपादक आहे, आणि थोडा चिकासॉचा जमीनदारहि आहे. यांपैकीं एकाच नात्याचा कायदा त्याला सर्वस्वीं लावूं गेल्यास अन्याय होणार.

आपल्याकडे काय स्थिति आहे? भारताच्या राज्यघटनेनें १९५० सालीं १९ व्या कलमान्वयें वाणीचें स्वातंत्र्य दिलें. १९६९ सालीं उत्तर रेल्वेच्या एका कामगार कार्यकर्त्याच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं या स्वातंत्र्याचा अर्थ वाटेल त्याच्या जागेंत सभा भरविण्याचा हक्क असा नाहीं. रेल्वेची जागा सरकारची असली तरीहि नाहीं. होम्स यांचा घरमालक येथें पुन्हां भेटतो. तर १९७२ सालीं अहमदाबादच्या एका प्रकरणांत त्याच न्यायालयानें सार्वजनिक रस्त्यावरील सभेचा हक्क मान्य केला आणि पोलीस अधिकाऱ्याच्या निव्वळ मर्जीवर परवानगी सोंपविणारा नियम रद्द केला. मुंबईच्या गिरणगांवांत एकेकाळीं कामगारांच्या सभा गिरण्यांच्या दरवाजांवर होत. १९०८ सालीं टिळकांना शिक्षा झाली तेव्हां याच कामगारांनीं सहा दिवस हरताळ पाळला. आज लोअर परळच्या फिनिक्स मिलच्या जागीं मॉल उभा आहे. तेथें दिवसभर हजारों माणसें फिरतात. पण पहारेकऱ्यापुढें सभा कशी भरवावयाची?

इंटरनेटविषयींचा आपला सर्वांत गाजलेला प्रसंगहि महाराष्ट्रांतलाच. नोव्हेंबर २०१२ मध्यें शिवसेनाप्रमुख बाळ ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबई बंद राहिली. त्याविषयीं फेसबुकावर लिहिल्याबद्दल एका व तें लेखन पसंत केल्याबद्दल दुसऱ्या, अशा पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली. पुढें २४ मार्च २०१५ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें माहिती तंत्रज्ञान कायद्याचें ६६अ हें कलम घटनाबाह्य ठरविलें. हा विजय सरकारविरुद्धचा होता. जागेच्या धन्याविषयीं जानेवारी २०२३ मध्यें घटनापीठानें चार विरुद्ध एक मतानें सांगितलें कीं १९ व्या कलमांतील हक्क खासगी व्यक्तींविरुद्धहि बजावतां येतील. तें प्रकरण एका मंत्र्याच्या उद्गारांवरून निघालेलें होतें, समाजमाध्यमांशीं त्याचा संबंध नव्हता. तरीहि अमेरिकेनें १९७६ सालीं बंद केलेलें दार आपल्या न्यायालयानें निदान किलकिलें केलें आहे. त्याच सुमारास केंद्र सरकारनें, माध्यमांच्या निर्णयावर नागरिकांना दाद मागतां यावी म्हणून अपील समित्या नेमल्या. पण त्यांचे सभासद सरकारच नेमतें. जमीनदाराच्या मर्जीपासून सुटावयास कोतवालाच्या मर्जीकडे जावयाचें, तर दारिद्र्य तेंच राहिलें.

या सव्वाशें वर्षांच्या इतिहासाकडे पाहतां एक धागा आरंभापासून शेवटपर्यंत अखंड दिसतो, आणि तो धागा ‘परवानगी’ या शब्दाचा आहे. बोस्टनचा महापौर, जर्सी सिटीचा हेग, चिकासॉची कंपनी, पोर्टलंडचे पहारेकरी, आणि आजचीं माध्यमें या सर्वांच्या हातीं परवानगी होती व आहे. वाद नियम असावे कीं नसावे हा कधींच नव्हता. रहदारी अडवूं नये, शिवीगाळ करूं नये, दुसऱ्याच्या घरांत शिरूं नये हें ग्रेस मार्शलाहि मान्य झालें असतें. खरा वाद परवानगी देणाऱ्याला कारण सांगावें लागतें कीं नाहीं, आणि त्याच्या नकारावर कोणाकडे दाद मागतां येते कीं नाहीं, हा होता. रस्त्यावरील सरकारी अधिकाऱ्याला हें बंधन कायद्यानें १९३९ पर्यंत शिकविलें. ज्या खासगी जागांनीं रस्त्याची जागा घेतली, त्यांच्या धन्यांना तें अजून शिकविलेलें नाहीं.

म्हणून आमच्या मतें मालकी हिरावून घेण्याची आवश्यकता नाहीं, आणि खासगी कंपनीला ओढूनताणून सरकार ठरविण्याचीहि नाहीं. ओसरीचा धनी, लहान मासिकाचा संपादक, एखाद्या मंडळाचा चालक यांना आपापलें दार हवें तेव्हां लावूं द्यावें. त्यांच्या दाराबाहेर रस्ता असतोच. पण ज्याच्या दाराबाहेर रस्ताच उरलेला नाहीं, इतका जो मोठा झाला, त्याच्याकडून चार गोष्टी मागणें न्यायाचें होईल: नियम आधीं जाहीर असावे, ते सर्वांस सारखे लागावे, नकाराचें कारण सांगावें, आणि धनी व सरकार या दोघांपासूनहि अलग असलेल्या कोणापुढें तरी अपील चालावें. यानें संपादकाची निवड बुडत नाहीं. मर्जी मात्र बुडते. असा कायदा करतां येतो हें कॅलिफोर्नियाच्या शाळकरी मुलांनीं एका घडीच्या टेबलावरून दाखवून दिलेलें आहे.

चिकासॉच्या त्या पदपथावर ग्रेस मार्शला ‘परवानगी घ्या’ आणि ‘परवानगी मिळणार नाहीं’ हीं दोन वाक्यें एकाच दमांत ऐकावीं लागलीं. पत्रकांत काय लिहिलें होतें याच्याशीं आपणांस कर्तव्य नाहीं. पुष्कळांना तें पटलेंहि नसतें. पण आज एखाद्या गृहस्थाचें खातें कारण न देतां बंद होतें, आणि विचारणा केल्यावर यंत्राकडून ठराविक उत्तर येतें, तेव्हां त्याच्या कानीं पडतात तीं हींच दोन वाक्यें होत.